सागाच्या कडेची भोकं

टक्. मग थोडं थांबून, टक् टक्. वठलेल्या लाकडावर चोच पडल्याचा हा आवाज मी फार पूर्वी ऐकला आहे. त्याला कसली घाई नसायची. आता तो कुठे कानावर येत नाही, म्हणून ज्या राज्यात तो रोज ऐकू यायचा तिथली गोष्ट सांगतो.

त्या राज्यात कोणी कोणाला समोर जाऊन काही सांगत नसे. सगळे निरोप पाठवत. शेजारच्या फांदीवर बसलेल्यालाही निरोपच जाई. ज्याचा मान मोठा, त्याने स्वतः चालत जाऊन बोलणं तर फारच कमीपणाचं मानत. निरोप नेण्याचं काम साळुंक्यांचं होतं. साळुंकी निरोप ऐकून घेई, तळ्याकाठच्या एका वठलेल्या सागाशी येई, तिथे तो एकदा मोठ्याने म्हणे आणि मग ज्याचा त्याला देऊन टाकी. दिला की ती तो विसरे. पुढचा निरोप ठेवायला डोक्यात जागा हवी ना.

ती म्हणत असे तेव्हा सागाच्या खोडावर बसलेला म्हातारा सुतारपक्षी तो निरोप लाकडात टोचून ठेवी. एकेका शब्दाची एकेक खूण ठरलेली होती. त्याने कितीतरी वर्षं हेच केलं होतं, आणि खालून वर चढत चढत तो आता अर्ध्या खोडापर्यंत आला होता.

ही रीत कायद्याने पडली होती. खूप मागे एका उन्हाळ्यात, पाणी कोणी कोणाला कबूल केलं होतं यावरून भांडण झालं. दोन्हीकडचे शपथा घेत राहिले आणि अर्धं रान ओसाड पडलं. तेव्हा पंचांनी ठरवलं, की जो निरोप जाईल त्याची खूण सागावर राहील. सात पावसाळे ती कोणी बुजवायची नाही, बदलायची नाही. आणि ज्याचं नुकसान झालं असेल त्याने पंचांपुढे मागितलं, तर ती वाचून दाखवावी लागेल. सात पावसाळे पुरे झाले की तेवढं लाकूड सुतारपक्षी स्वतःच कोरून काढी आणि भुसा वाऱ्यावर सोडून देई. त्यातला एक शब्दही तो कोणाजवळ बोलत नसे.

प्रत्येक निरोपाच्या कडेला तो आणखी काही बारीक भोकं पाडी. निरोप कोणाकोणाकडे गेला, त्याची ती भोकं. कारण काही निरोप साळुंकीच्या कानात हळूच वाढवलेले असत. "हा त्यालाही दे, पण याला कळू देऊ नकोस." साळुंकी सागापाशी तेही म्हणे, कारण तिला तसंच शिकवलं होतं. निरोप मिळालेल्याला बाकीची नावं कळत नसत. सागाला कळत. पण साग पाहायला आताशा कोणी येत नसे, त्यामुळे कडेच्या भोकांचं कोणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

राज्याचा कारभार मोर पाहत असे. साग त्याला आवडत नसे. साग जुना होता, त्याला एकही पान नव्हतं आणि तिथला म्हातारा फार हळू काम करी. म्हणून मोराने टेकडीवरच्या एका हिरव्यागार झाडाला नवं निरोपघर केलं होतं. तिथे पाकोळ्या निरोप नेत. पापणी लवायच्या आत निरोप पोचे. खूण झाडाच्या पानावर उमटे, आणि पानगळ झाली की पानांबरोबर जाई. मोराला ते झाड फार पसंत होतं. पण पाकोळीला जमिनीवर उतरता येत नाही, तिचे पाय तसे नसतात. त्यामुळे उंच राहणाऱ्यांचे निरोप हिरव्या झाडावरून जाऊ लागले, आणि जे जमिनीवर, गाळात, लव्हाळ्यात राहत, त्यांचे निरोप सागावरूनच येत-जात राहिले.

त्या वर्षी तळ्याचा बांध फुटला.

मोराचा नाचाचा उत्सव होता. तळं काठोकाठ भरलेलं होतं आणि ते तसंच दिसायला हवं होतं. उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी भर दुपारी बांध मधोमध खचला आणि पाणी खालच्या लव्हाळ्यात घुसलं. लव्हाळ्यातली घरटी गेली. एका पाणकोंबडीची चार पिल्लं होती, ती चारही गेली.

बांधावर पहाऱ्याला एक खेकडा होता. मोराने पंचांना कळवलं, की खेकड्याने वेळेवर कळवलं नाही. खेकडा म्हणाला, "मी निरोप धाडला होता." मोराने कळवलं, की असा निरोप आलाच नाही. पंचांनी खेकड्याला एका सपाट दगडाखाली ठेवलं आणि सांगितलं, की सात दिवसांनी बसू. दोष ठरला तर त्याला कातळावर सोडायचं. उन्हातल्या कातळावर खेकडा एक दिवसही टिकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

खेकड्याने दगडाखालून साग वाचण्याची विनंती केली. पण ज्याच्यावर आरोप आहे त्याला ते मागता येत नव्हतं. ज्याचं नुकसान झालं त्यानेच मागायचं, असा कायदा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणकोंबडी गाळ तुडवत सागापाशी आली. पाय मांडीपर्यंत चिखलाने भरले होते. तिने वर पाहिलं.

"सुतारबाबा, मला एक सांगा. त्या खेकड्याने निरोप धाडला होता का?"

सुतारपक्षी थोडा खाली उतरला. "बस आधी. काही खाल्लंस का?"

"खाण्याचं नका विचारू. धाडला होता का, एवढंच सांगा. तो खोटं बोलतोय, मला माहीत आहे. पण एकदा तुमच्या तोंडून ऐकते म्हणजे त्याला कातळावर जाताना बघायला माझं मन कचरणार नाही."

"मला सांगता येत नाही, पोरी."

"का? तुम्हाला येतं की वाचता. तुम्हीच टोचलंय."

"मी टोचलंय म्हणूनच. तुला एकटीला सांगितलं, तर उद्या दुसऱ्या कोणाला तुझं सांगेन. तू पंचांपुढे माग. तू मागितलंस, तर त्यांना नाही म्हणता येणार नाही."

"आणि नाही मागितलं तर?"

"तर सात पावसाळ्यांनी मी तो भुसा करून टाकीन."

तिने लव्हाळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "धाकटं अजून नीट पोहायलाही शिकलं नव्हतं, बाबा."

"ठाऊक आहे. सकाळी तुमचा सगळ्यांचा आवाज यायचा इथवर."

ती गेली. दुपारी एक साळुंकी तिचा निरोप घेऊन आली. निरोप पंचांना होता: मला साग वाचून हवा आहे. रीतीप्रमाणे एक प्रत कारभाऱ्यांनाही होती. सुतारपक्ष्याने तो टोचला, कडेला दोन भोकं पाडली आणि साळुंकीला जाऊ दिलं.

संध्याकाळच्या आत मोराचा पहिला निरोप आला. तो सुतारपक्ष्यालाच होता. साळुंकीने मान ताठ करून मोराच्या आवाजात म्हणून दाखवला. "तिसऱ्या गाठीखालच्या ताज्या खुणा चिखलाने बुजवाव्यात. पुरामुळे खराब झाल्या असं कळवावं."

सुतारपक्ष्याने चोच उचलली आणि चौथ्या गाठीवर टोचायला सुरुवात केली. साळुंकी बघत राहिली.

"अहो बाबा, हा तुम्हालाच आहे. हा कशाला टोचताय?"

"निरोप आहे ना?"

"आहे."

"मग."

टोचून झाल्यावर त्याने उत्तर सांगितलं: कायद्याने सात पावसाळे ठरले आहेत, हा पहिलाच चालू आहे. तेही त्याने लाकडात घातलं. साळुंकी उडताना म्हणाली, "तुमची पिसं उपटतील ते, सांगून ठेवते." सुतारपक्षी म्हणाला, "राहिलीत किती?"

दुसरा निरोप मऊ होता. हिरव्या झाडात एक छान ढोली रिकामी आहे, वारा लागत नाही, खायला आयतं मिळेल, इतकी वर्षं सेवा केली त्याचा मान म्हणून ती द्यायची आहे. फक्त त्या तिसऱ्या गाठीचं तेवढं बघावं. सुतारपक्ष्याने तो निरोपही शब्द न गाळता टोचला. ढोलीची वर्णनं लांबलचक होती. ती टोचता टोचता त्याची मान दुखायला लागली. सागावर त्याची स्वतःची ढोली होती, तिच्यात पाऊस गळत असे. उत्तर त्याने एका शब्दाचं दिलं: नको.

मग दोन दिवस काही आलं नाही.

मोर स्वस्थ बसला नव्हता. खुणा बुजवायला म्हातारा तयार नाही, तर लाकूडच राहू नये, असं त्याच्या मनात आलं. सागाच्या मुळाशी वाळवीचं वारूळ होतं. मोराने वाळवीकडे पाकोळी पाठवली. पाकोळी वारुळावर तीनदा घिरट्या घालून, ओरडून ओरडून परत आली. तिला उतरता येईना, आणि वाळवीला आभाळातलं ऐकू येईना. स्वतः वारुळाशी चालत जाऊन सांगणं मोराला शक्य होतं. अंतर फार नव्हतं. पण कारभाऱ्याने वाळवीपुढे वाकून बोलायचं, ही कल्पनाच त्याला सहन होईना. त्याने आयुष्यभर केलं तेच पुन्हा केलं. साळुंकीला बोलावलं.

साळुंकी सागापाशी आली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "बाबा, हा वाळवीच्या मुकादमाला आहे. कानात सांगितलाय. म्हणू का?"

"म्हण."

"सागाचा खालचा भाग, दुसऱ्या गाठीपासून चौथ्या गाठीपर्यंत, पंच बसायच्या आत खाऊन टाकावा." ती थांबली. "बाबा, हा मी वाटेत विसरले तर? आम्ही विसरतोच."

"दिल्यावर विसरता. द्यायच्या आधी नाही."

"तुमचं घर आहे हे."

"निरोप अडवायचा अधिकार मला नाही गं. माझं काम जाऊ द्यायचं आणि ठेवायचं. तू नीट जाऊन दे."

त्याने पाचव्या गाठीवर तो हुकूम टोचला. त्याची चोच त्या दिवशी नेहमीपेक्षा खोल गेली. कडेला एक भोक वाळवीचं पाडलं. मग तो खाली उतरून तिसऱ्या गाठीवर बसला, आणि बसूनच राहिला.

पंच बसायच्या आदल्या दिवशी दुपारी वाळवी निघाली. मातीचा बारीक बोगदा खोडावर वर वर चढू लागला. सुतारपक्षी बघत होता. त्याने तीन दिवस नीट खाल्लं नव्हतं आणि वाळवी हे त्याचं जन्माचं अन्न. जीभ एकदा फिरवली असती तर अर्धा बोगदा साफ झाला असता. त्याने चोच छातीच्या पिसांत खुपसून ठेवली.

बोगदा दुसऱ्या गाठीशी आला आणि मुकादमाने डोकं बाहेर काढलं.

"बाजूला व्हा आजोबा. वरून हुकूम आहे."

"ठाऊक आहे. पाचव्या गाठीवर आहे तो."

"काय आहे पाचव्या गाठीवर?"

"तुमचा हुकूम. आणि तो तुम्हाला आला म्हणून तुमचं भोक. कडेला."

मुकादमाने डोकं आत वळवून हे सांगितलं. आत बोगद्यात कुजबुज सुरू झाली. मुकादमाने विचारलं, "आमचं नाव कशाला घातलं? आम्ही हुकमाचे ताबेदार."

"मी सगळ्यांचंच घालतो."

"मग उद्या पंचांनी वाचलं, तर आम्ही खाल्लं हे निघणार."

"निघणार."

"आणि चौथ्या गाठीच्या वर आम्हाला खाता येत नाही. हुकमात चौथीपर्यंतच आहे."

"तसंच टोचलंय मी."

आतून एक म्हातारी वाळवी म्हणाली, "मुकादम, हुकूम पुरा नाहीये. हा हुकूम खायचा हुकूम यायला हवा. त्याशिवाय आपण अडकतो."

मुकादमाने मान डोलावली आणि साळुंकीला हाक मारली. निरोप गेला: सदर हुकूम पाचव्या गाठीवर शिल्लक राहत असल्याने, तोही खाण्याबद्दल आज्ञा व्हावी. सुतारपक्ष्याने हा निरोप टोचला. तासाभरात मोराचं उत्तर आलं: तोही खावा. सुतारपक्षी वर चढला आणि सहाव्या गाठीवर ते टोचलं, कडेला वाळवीचं भोक पाडलं, आणि पुन्हा खाली येऊन बसला.

मुकादमाने खालून वर पाहिलं. "आता तो सहाव्या गाठीवर गेला."

"गेला."

"तो खायचा हुकूम मागवला, तर?"

"सातव्या गाठीवर जाईल."

"साग केवढा आहे?"

"मी अर्ध्यावर आहे."

वाळवीने तरीही आणखी एक निरोप पाठवला, कारण कामात कसूर झाली असं कोणी म्हणू नये. मोराचं उत्तर रागाने भरलेलं आलं. त्यात सुतारपक्ष्याला, वाळवीला आणि सागाला शिव्या होत्या. साळुंकी त्या म्हणताना लाजली. सुतारपक्ष्याने विचारलं, "हा शेवटचा शब्द काय होता?" तिने पुन्हा सांगितला. त्याने तो सातव्या गाठीवर नीट टोचला.

त्यानंतर वाळवी बोगद्यातून मागे मागे सरकत परत गेली. दुसऱ्या गाठीपाशी तिने लाकडाचा बोटभर तुकडा खाल्ला होता. तिथे जुन्या पाणवाटपाचे काही निरोप होते. सुतारपक्षी तिथे बराच वेळ चोच टेकवून बसला.

पंच सागाखाली बसले. पंचांमध्ये मोठी एक म्हातारी अस्वलीण होती. तिला डोळ्यांनी फार दिसत नसे, पण खुणांमध्ये नख घालून ती वाचू शके. रीतीप्रमाणे सगळ्यांना जातीने हजर राहावं लागलं. मोर चालत आला. वाटेत पुराचा गाळ होता आणि त्याला पिसारा सांभाळत यावं लागलं. सागापाशी तो आयुष्यात पहिल्यांदा उभा होता.

अस्वलीण म्हणाली, "साग कोणी मागितला?"

"मी." पाणकोंबडी पुढे आली. "मला याचं खोटं ऐकायचं आहे." तिने दगडाकडे मान केली. दगडाखालून खेकड्याचे दोन डोळे दिसत होते.

अस्वलीण मागच्या पायांवर उभी राहिली आणि तिसऱ्या गाठीखाली नख घातलं. ती सावकाश, एका सुरात वाचू लागली.

"खेकडा. कारभाऱ्यांना. बांध मधोमध आतून भिजला आहे. चार दिवसांत जाईल. पाणी सोडायची परवानगी द्यावी, लव्हाळ्यात कळवावं."

पाणकोंबडीने दगडाकडे पाहिलं नाही.

"कारभारी. खेकड्याला. उत्सव होईपर्यंत पाण्याला हात लावू नये. लव्हाळ्याचं आम्ही बघतो." नख पुढे सरकलं. "कारभारी. लव्हाळ्यातल्या सर्वांना. बांध भक्कम आहे. खुशाल राहावं."

"हा आला होता," पाणकोंबडी हळूच म्हणाली. "हा मला आला होता."

अस्वलिणीचं नख एका ठिकाणी अडलं. ती पुन्हा मागे गेली आणि चाचपून पाहू लागली. "हा पहिला, खेकड्याचाच निरोप इथे परत आहे. कारभाऱ्यांनी तो जसाच्या तसा पुढे धाडलाय. खाली एक ओळ घातली आहे. घरटी वर न्या, कोणाला बोलू नका."

"कोणाला धाडलाय?" पाणकोंबडीने विचारलं.

"निरोपात नाव नाही."

"कडेला बघा," सुतारपक्षी वरून म्हणाला. त्या दिवशी तो एवढंच बोलला.

अस्वलिणीने नख कडेला नेलं. बारीक भोकं एकेक करून मोजली. "पाच. उतारावर जमिनीलाच घरटी असलेल्या मोरांची पाच घरं."

"माझं भोक आहे त्यात?"

अस्वलिणीने पुन्हा एकदा, अगदी हळू, बोट फिरवलं. "नाही, बाई."

पाणकोंबडीने कडेच्या त्या पाच भोकांकडे पाहिलं. मग वळून दगडापाशी गेली आणि चोचीने, पायांनी तो दगड ढकलू लागली. दगड तिच्या आवाक्याचा नव्हता. अस्वलिणीने पंजा लावला. खेकडा बाहेर आला, उजेडाला थोडा बुजला. तो तिरका तिरका बांधाच्या खिंडाराकडे निघाला, कारण तिथून अजून पाणी जात होतं. पाणकोंबडी त्याच्या मागे काही पावलं गेली आणि खिंडाराच्या काठी, त्याच्या शेजारी थांबली.

अस्वलीण वर वर वाचत राहिली. चिखलाने बुजवावं. छान ढोली रिकामी आहे. दुसऱ्या गाठीपासून चौथीपर्यंत खावं. तोही खावा. सातव्या गाठीवर आल्यावर ती थांबली, आणि तो शब्द तिने वाचला नाही, नुसतं नख काढून घेतलं. सभेत मागे कोणीतरी हसलं.

मग ती मोराकडे वळली. "कारभारी, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

मोराने मान उंचावली, गळा फुगवला, चोच उघडली.

वर सुतारपक्ष्याने आपले पाय खोडावर नीट रोवले आणि आठव्या गाठीच्या कोऱ्या लाकडासमोर चोच उचलून धरली.

मोराने ती चोच पाहिली. त्याचं तोंड तसंच थोडा वेळ उघडं राहिलं, मग मिटलं. तो वळला आणि गाळातून पिसारा ओढत, एक शब्दही न बोलता चालत निघून गेला.